संधिवात आणि आयुष्याची दोरी



मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत संपली. पुढचे जे काही शिकलो ते कामगारांचे अर्ज लिहिताना आणि दवाखान्याच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसून शिकलो. औषध सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु एक हिशेब आपल्यापुढे मांडण्याचा आहे, असे मी मानतो.

आमच्या युनियनमध्ये पॅकिंग खात्यात काम करणाऱ्या एक ताई होत्या. पस्तिशीत त्यांची बोटे सुजू लागली. सकाळी तास-दोन तास मूठ वळत नसे. डॉक्टरकडे जायचे तर खाडा पडणार, म्हणून त्या केमिस्टकडून वेदनाशामक गोळी घेत. त्या गोळीवर त्यांनी पंधरा वर्षे काढली आणि पन्नाशीत हृदयविकाराने गेल्या. स्मशानात कोणी म्हणाले, ‘सांधे दुखायचे बिचारीचे, पण सांधेदुखीने का कोणी मरते?’ मीही मान डोलावली. ती मान डोलावणे चूक होते, एवढेच सांगण्यासाठी आज उभा आहे.

म्हातारपणी गुडघे झिजतात, त्या दुखण्याविषयी मी बोलत नाही. मी बोलतो आहे तो र्‍हुमॅटॉइड संधिवात, ज्याला आपल्याकडे पुष्कळजण आमवात म्हणतात. यात शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. हा तरण्याताठ्या वयातही गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी अधिक. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघर पाहणी सुरू केली. तीत प्रौढांमध्ये सुमारे अर्धा टक्का लोकांना हा रोग आढळला. म्हणजे दोनशे माणसांत एक. या मंडपात तो एक नक्की असेल.

आता मरणाचा हिशेब. १९५३ सालीच अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा रोग्यांचे आयुष्य मोजून ते इतरांपेक्षा कमी भरते असे दाखविले होते. पुढे अनेक देशांत मोजमाप झाले. समवयस्कांच्या मानाने या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे दीडपट निघत आले. मात्र मृत्यूच्या दाखल्यावर संधिवात क्वचितच लिहिला जातो. तेथे हृदयविकार असतो, फुप्फुसाचा विकार असतो, जंतुसंसर्ग असतो. सांध्यातला दाह सांध्यापुरता राहत नाही. तो रक्तवाहिन्यांना आणि फुप्फुसांनाही लागतो. शिवाय वर्षानुवर्षे मनाने घेतलेल्या वेदनाशामक आणि स्टेरॉइडच्या गोळ्या आपला वाटा उचलतात. खरा गुन्हेगार असा मागच्या दाराने निसटतो.

कोणाचे आयुष्य अधिक घटते? थिओडोर पिंकस नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९८०च्या दशकात दाखविले की, रोग्याला कपडे घालता येतात का, चालता येते का, असे साधे प्रश्न विचारले तरी पुढच्या मरणाचा अंदाज येतो. आपल्या देशात ही प्रश्नावली तयार करताना उकिडवे बसता येते का, हाही प्रश्न घातला गेला. माझगावकरांनी त्यात डॉकयार्ड रोड स्टेशनचा जिना आणि चाळीतली पाण्याची बादली घालावी. काल चढता येणारा जिना आज चढवेना, तर ती नुसती कुरकुर नव्हे. ती धोक्याची घंटा आहे.

त्याच पिंकस यांनी १९८५ साली आणखी एक गोष्ट मांडली. ज्यांची शाळा कमी झाली, त्यांच्यात या रोगाने मृत्यू अधिक. हे वाचले तेव्हा मी, सातवी पास माणूस, पुस्तक मिटून बसलो. रोगाला पाटी-पुस्तक समजत नाही. पण कमी शिकलेल्याचे काम अंगमेहनतीचे, पगार रोजावर, आणि डॉक्टरची पायरी उशिरा चढायची. मृत्यू येतो तो या वाटेने, असे मला वाटते.

परंतु मी निराशा पेरायला आलेलो नाही. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी गरोदर गरीब स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला. त्यांत गिरण्यांत राबणाऱ्या बायका होत्या. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात, असे त्यांनी १९३१ साली जाहीर केले. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या पथकाने ते प्रयोगशाळेत बनविले, आणि मग त्याला विरोध करणारी औषधेही बनविली. त्यांतले एक मेथोट्रेक्सेट. ते आधी कर्करोगावर वापरले गेले. अल्प मात्रेत संधिवातावर देण्यास अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली.

त्याचे फळ काय? अमेरिकेतील विचिटा येथील १,२४० रोग्यांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. हे औषध घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी आढळला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तर असे दिसले की, २००० सालानंतर रोग जडलेल्यांत पहिल्या पाच वर्षांतला जादा मृत्यू उरलाच नाही. लौकर निदान आणि नेमाने उपचार झाले, तर आयुष्याची तुटू पाहणारी दोरी पुन्हा वळता येते. मात्र हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. गरोदरपणी ते चालत नाही. वेळोवेळी रक्त तपासावे लागते. म्हणून ते डॉक्टरांच्या हातूनच घ्यावे. शेजाऱ्याच्या डबीतून घेऊ नये. तंबाखू-विडी सोडावी, कारण धूम्रपान या रोगाला आमंत्रणही देते आणि हृदयालाही पोखरते.

गोळी महाग नाही. महाग आहे तो दवाखान्यात जाणारा दिवस. कामगार विम्याने आजाऱ्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळण्याची सोय केली. पण कंत्राटदाराने ज्याचे नाव विम्यात घातलेच नाही, त्याला त्याचा काय उपयोग? आणि ज्याचे नाव आहे, त्यालाही अंथरुणाला खिळण्यापूर्वी, चालता-फिरता असताना, रक्त तपासायला अर्धा दिवस हवा असतो. आम्ही युनियनवाले अपघाताच्या भरपाईसाठी भांडतो. बोटे हळूहळू वाकतात त्यासाठी आम्ही कधी भांडलो नाही, हा आमचा दोष मी आपल्यासमोर कबूल करतो. आमच्या पुढच्या मागणीपत्रात पगारी तपासणीचे चार अर्धे दिवस असतील.

आपणही एक करा. घरात कोणाची बोटे सकाळी तासभर आखडत असतील, सांधे सहा आठवडे सुजलेले असतील, तर ‘होईल बरे’ म्हणू नका. त्यांना मोठ्या रुग्णालयात घेऊन जा आणि बाकावर शेजारी बसा. त्या ताईंच्या शेजारी कोणी बसले नव्हते.

 मी आता आपली रजा घेतो. कामगाराला मात्र ती अजून मिळवून द्यायची आहे.