फिरते फुलांचे दुकान आणि कोरडवाहू घर

(नाशिक जिल्ह्यातील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही मंडळी हसली, ते आम्ही पाहिले. मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कपाशी-ज्वारीच्या माणसांपुढे हारा-गजऱ्यांचा विषय काय काढता, असे त्यांना वाटले असेल. पण विषय घर मोडल्यानंतरचा आहे आणि तो या मांडवातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

कोरडवाहू घर कसे मोडते? घरचा कर्ता माणूस आजाराने जातो, अपघाताने जातो, नाहीतर कर्जापायी स्वतःच निघून जातो. दहाव्या-तेराव्याला भाऊबंद जमतात. बाराव्या दिवसापर्यंत सगळे 'आम्ही आहोत' म्हणतात. महिनाभराने दारात फक्त देणेकरी उभे राहतात. मग आधी बैल जातात, मग शेळ्या, मग बाईच्या अंगावरचा मणी आणि शेवटी जमीन. जमीन गेली की ती बाई लेकरे घेऊन शहराची वाट धरते.

या घराची अडचण नीट ओळखली पाहिजे. कपाशीचा पैसा वर्षातून एकदा येतो, दोन-तीन वेचण्यांत आटोपतो आणि त्याचा भाव समोरचा ठरवतो. ज्वारीचे बहुतेक घरातच खाऊन संपते. खर्च मात्र रोजचा. मीठ-मिरची, पोरांची वही, म्हातारीची गोळी यांतले काही कपाशीच्या वेचणीची वाट पाहत थांबत नाही. ज्या घरात रोज चार पैसे येण्याची सोय नाही, ते घर पहिल्याच धक्क्याला जमीन विकते. म्हणून आम्ही म्हणतो, घर सावरायचे असेल तर आधी रोजचा पैसा उभा करा, म्हणजे जमीन वाचेल. रोजच्या पैशाचे अनेक धंदे आहेत. कोंबड्या आहेत, शिलाई आहे. त्यातला एक, थोड्या भांडवलाचा आणि आपल्या बांधाशी नाते असलेला, म्हणजे फुलांची हातगाडी.

हा धंदा आपल्याला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळ गोऱ्हे, सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. चरित्रकार सांगतात की गावात तंटा झाला, घराणे परागंदा होऊन पुरंदरातल्या खानवडीला आले. जोतीरावांचे आजोबा शेटीबा यांच्या काळात दारिद्र्य आले आणि ते बायको-पोरांसह पुण्याला गेले. तिथे मुले एका फुलमाळ्याच्या हाताखाली लागली, हार-गजरे करायला शिकली. हात इतका बसला की पेशव्यांच्या वाड्यात त्यांचे काम जाऊ लागले, ३५ एकर इनाम मिळाले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. पुढचा भाग आपण जास्त ध्यानात ठेवायचा आहे. थोरल्या भावाने, राणोजीने, ती इनामाची जमीन एकट्याच्या नावावर केली आणि धाकटे बाहेर पडले. जोतीरावांचे वडील गोविंदराव यांच्या हाती उरले ते फुले-भाजीचे दुकान. त्या दुकानावर वाढलेल्या पोराने पुढे १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. जमीन नावावर नसली तर भाऊही ती नेऊ शकतो, आणि बोटातली विद्या कुणाला नेता येत नाही, हे दोन्ही धडे या एका घरात आहेत.

आता व्यवहाराकडे येऊ. फुलाच्या गाडीचे नाव काढले की देवळासमोर उभी गाडी डोळ्यांपुढे येते. नव्या माणसाने तिथे जाऊ नये. देवळापुढच्या जागा पिढ्यान् पिढ्या धरलेल्या असतात, आणि गिऱ्हाईक आले तर आले. नव्याने सुरू करणाऱ्या बाईचा आधार फुलपुडी हा आहे. दुधाचा रतीब असतो तसा घरोघरी फुलपुडीचा रतीब. सकाळी सहा ते आठ, ठरलेल्या गल्ल्या, ठरलेली घरे, महिन्याच्या महिन्याला पैसे. मालेगाव, मनमाड, येवला, चांदवड यांसारख्या गावांत नोकरदारांची वस्ती वाढली आहे. त्यांच्या दाराला अंगण नाही आणि देवघर मात्र आहे. किती पुड्या लागणार हे आदल्या रात्रीच माहीत असल्याने माल सडत नाही. फुलाच्या धंद्यात माणूस बुडतो तो बहुधा सडलेल्या मालात.

हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या गावचे घालावेत. समजा ५० घरे, पुडी १० रुपये. दिवसाचे ५०० आले. सगळी फुले विकत आणली तर २५० गेले, पुडीचे पान, दोरा आणि प्रवास ७०, बुडीत ३०. उरले १५०. पहाटे तीनला उठणाऱ्या बाईची ही मजुरीसुद्धा होत नाही. एवढ्यावर कुणी या धंद्यात पडावे असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याच पुडीतला अर्ध्याहून जास्त माल घरचा असेल आणि विकतच्या फुलांना १२० रुपयेच लागले, तर उरतात २८०. म्हणजे नफ्याचे मूळ आपल्या बांधावर आहे.

आणि बांधावर काय नाही? दूर्वा आहेत. तुळस दारात आहे. बेलाचे एखादे झाड गावात असतेच. रुईचे झाड आपल्या माळावर न लावता वाढते, जनावर त्याला तोंड लावत नाही, आणि शनिवारी मारुतीला त्याच्याच पानांची माळ लागते. आघाडा आहे, आंब्याचे टहाळे आहेत. नवरात्रात शहरातली माणसे घट बसवायला मातीसुद्धा विकत घेतात आणि त्यात पेरायला मूठभर धान्य मागतात. संक्रांतीला सुगडात घालायला बोरे, हरभऱ्याचे घाटे लागतात. लक्ष्मीपूजनाला लाह्या लागतात. आपण ज्वारी पोत्याने विकतो आणि तिच्या लाह्या दुसरे कुणी पुडीने विकते.

कापसाचे तर विचारूच नका. देवापुढच्या वाती, फुलवाती, गणपती-गौरीला घालायची कापसाची वस्त्रे हे सगळे फुलाच्याच गाडीवर खपते. क्विंटलभर कपाशीतून सरकी काढून ३३-३४ किलो कापूस निघतो. सगळा कापूस वातींना लागणार नाही, तो जिनिंगलाच जाईल, हे आम्हाला कळते. पण ज्या घरात वेचलेला कापूस आहे त्याने पाच-दहा किलो बाजूला काढून पावसाळ्याच्या बसल्या दिवसांत वाती वळल्या, तर त्या मालाचा भाव ती बाई ठरवील, आणि वात सडतही नाही.

फुलांपैकी कोरडवाहूला चालणारी दोन: झेंडू आणि गलांडा. दोन्ही काटक आहेत, तरी एखाद-दुसरे संरक्षित पाणी हवेच. एकदम एकर लावू नका. एक-दोन गुंठ्यांनी सुरुवात करा आणि तेही पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, म्हणजे तोडा सलग राहतो. झेंडूचे रोप साधारण महिन्याचे झाल्यावर लावतात आणि लावणीपासून दोन महिन्यांनी फूल चालू होते. दसऱ्यासाठी लावायचा तर आधी पंचांग पाहा. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. दरसाल एकाच तारखेला लावणी करणाऱ्याचा झेंडू सणानंतर फुलतो. आणि दसऱ्याच्या संध्याकाळी शहराच्या रस्त्यांवर टाकून दिलेले ढीग आपण पाहतो. गाडीवालीला त्या एका दिवसावर जगायचे नाही. तिची मिळकत श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, चतुर्थ्या, लग्नसराई अशी वर्षभर पसरलेली असते. पितृपक्षात आणि पौषात हात आखडतो, हे धरून चालावे.

कपाशीच्या कडेने झेंडूची ओळ लावण्याचा आणखी एक फायदा आहे. हिरव्या बोंडअळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो, त्यामुळे कपाशीवरचा भार थोडा हलका होतो. गुलाबी बोंडअळीला मात्र तो थोपवत नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. कपाशीवर फवारणी केली की कडेची फुले काही दिवस तोडू नका, ती ओवणारे हात घरचेच असतात.

तोडा सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा आदल्या संध्याकाळी करावा. फुलावर पाणी मारून ढीग लावला की आतून तापतो आणि माल काळा पडतो. फुले पसरून, वरून ओले गोणपाट टाकून हवेशीर टोपलीत न्यावीत. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्याचा उपयोग करावा.

आता जो प्रश्न बायका बैठकीत उभ्या राहून विचारत नाहीत, चुलीपाशी विचारतात, त्याबद्दल बोलतो. 'भाऊ, माझ्या केसातले फूल काढले ना, मग माझ्या हातचे फूल देवाला चालेल का? सवाष्ण माझ्याकडून गजरा घेईल का?'

या प्रश्नाला हिशेबाने उत्तर देता येत नाही. नवरा मेला त्यात हिचा अपराध काय? शेतातली कपाशी तिने वेचलेली चालते, तिच्या हातची ज्वारीची भाकरी चालते, आणि फूल तेवढे विटाळते? हा प्रश्न याच नाशकात वेगळ्या रूपाने विचारला गेला आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा विचारणे हेच होते की देव कुणाचा आणि दार कुणाला बंद. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसे करण्याचे परिपत्रक काढले. आपल्या किती गावांनी तो ठराव केला? परिपत्रक दप्तरात राहते. गावातल्या पहिल्या चार घरांनी तिच्याकडून फुलपुडी लावली, तर ठराव खरा होतो. ही चार घरे या मांडवातल्या कार्यकर्त्यांची असली पाहिजेत.

गाडी लावली की नगरपालिकेचा माणूस येतो, पोलीस येतो. त्यासाठी कायदा पाठ करा. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ सालचा आहे. फिरत्या विक्रेत्यासाठी त्यात वेगळे प्रमाणपत्र आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत धंदा करणाऱ्याला उठवता येत नाही, आणि पुढेही हलवायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. शहरातल्या फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सभासद स्वतः विक्रेते हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. प्रमाणपत्र असलेला विक्रेता मरण पावला तर मुदत संपेपर्यंत त्याची बायको किंवा मूल धंदा चालवू शकते. सिंहस्थासारखी पर्वणी आली की रस्ते मोकळे करण्याची मोहीम निघते आणि पहिला घाव गाडीवर पडतो. त्या वेळी एकटीने हात जोडून उपयोग नाही, कागद दाखवावा लागतो.

भांडवलासाठी सावकाराकडे जाऊ नये. जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना आली. तिचे पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते, ते ऑगस्ट २०२५ मध्ये १५,००० केले. वेळेवर फेडले तर पुढचे २५,००० आणि त्यापुढचे ५०,०००. वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के अनुदान आहे. योजनेची मुदत मार्च २०३० पर्यंत आहे. शेजारच्या खेड्यातून शहरात येऊन विकणाऱ्यालाही शिफारसपत्रावर ते मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते.

शेवटची गोष्ट जमिनीची, कारण गाडी जमिनीसाठीच आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुले आणि सासू यांच्या बरोबरीची वारस आहे. तेराव्यानंतर पहिले काम वारस नोंदीचा अर्ज. सातबाऱ्यावर तिचे नाव चढेपर्यंत कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही करू नये. जमीन बेकायदा सावकाराने लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली मागच्या १५ वर्षांतल्या व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. याच जिल्ह्यात चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी बायकांचा प्रचंड मेळावा भरला होता, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत अनेक गावांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या. ते काम नवरा जिवंत असताना करायचे असते. आज इथून घरी गेल्यावर प्रत्येकाने आपला सातबारा काढून पाहावा, त्यावर बायकोचे नाव आहे का.

फुलाच्या गाडीने कपाशीचा भाव वाढणार नाही, आणि तिच्यावर सगळे गाव जगेल असेही नाही. एका लहान गावात दोन-तीन गाड्या पुऱ्या. पण ज्या घरावर पाळी आली आहे त्याला पुढचा हंगाम दिसेपर्यंत उभे राहायला ती पुरते. प्रत्येक तालुक्याने असे एक घर निवडावे. वारस नोंदीला एकाने सोबत जावे, शिफारसपत्रासाठी दुसऱ्याने नगरपालिकेत खेटे घालावेत, आणि पहिली वीस घरे फुलपुडीला लावून देण्याचे काम गावातल्या बायकांनी घ्यावे. पुढच्या जिल्हा बैठकीत आम्ही तालुकावार विचारणार आहोत.

एवढे बोलून आम्ही थांबतो.