साखळीतले मोकळे हात

(गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही सरकारी नोकर, शिक्षण विजेच्या पदविकेपर्यंतचं. तरी हा विषय मुद्दाम मागून घेतला, कारण एक चूक दुरुस्त करायची आहे. २०१८च्या गणपतीत आम्हीच इथल्या मुलांना सांगितलं होतं की, हॉलंडात तारेच्या टोकाला 'मायोराना' सापडला. ते खरं ठरलं नाही.

ज्या सुपा धरणासाठी आपलं जुनं गाव पाण्याखाली गेलं, त्याच्या पायथ्याशी ५० मेगावॅटची दोन यंत्रं आहेत. तिथली वीज तारांतून जाताना तारा तापतात, थोडी वीज वाटेतच मुरते. १९११ साली कामर्लिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा रोध नाहीसाच झाला. हा अतिसंवाहक. त्यात इलेक्ट्रॉन जोडीने चालतात. धातूत थोडी भेसळ असली, आणि ती चुंबकीय नसली, तर जोडी सहसा फुटत नाही. त्याचं कारण अँडरसन यांनी १९५९ मध्ये दाखवलं.

टोपॉलॉजिकल अतिसंवाहकाची गोष्ट वेगळी. विसर्जनाला गर्दी आवरायला आपली पोरं हात धरून साखळी करतात ना, तीच डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाचा उजवा हात शेजाऱ्याच्या डाव्या हातात. मग पहिल्याचा डावा आणि शेवटच्याचा उजवा, एवढे दोनच हात मोकळे. किताएव यांनी २००१ साली मांडलेल्या साखळीत इलेक्ट्रॉनचे असेच दोन अर्धे मानले आहेत, आणि टोकाचे मोकळे अर्धे म्हणजे मायोराना. माहिती दोन टोकांत वाटून ठेवली की एका जागच्या धक्क्याने ती पुसत नाही. क्वांटम संगणकवाल्यांना ती हवी आहे, ती यासाठी.

आता कुणी म्हणेल, मग भेसळीची भीती कशाला? आम्हालाही तसंच वाटायचं. पण इथं जोडीचं चिन्ह चालण्याच्या दिशेवर ठरतं, एकीकडे अधिक तर उलटीकडे उणे. खोटीला आपटून इलेक्ट्रॉन मागे फिरला की अधिक-उणे एकमेकांना खातात. जी साधी भेसळ नेहमीच्या अतिसंवाहकाला चालते, ती याला बाधते.

त्याहून अवघड प्रकार पुढे आहे. समजा, साखळीच्या मध्येच चार पोरांनी हाताची घडी घातली. त्यांच्या दोन्ही बाजूंचे हात लगेच मोकळे झाले! लांबून बोटं टेकतील-न टेकतील एवढाच त्यांचा संबंध. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले प्राध्यापक केदार दामले यांनी मोट्रुनिच आणि ह्यूज यांच्यासोबत २००१ सालीच याचं गणित मांडलं. विस्कळीत तारेत असे योगायोगाचे तुकडे पडतात, आणि साखळी एकूण शाबूत असतानाही शून्याजवळच्या ऊर्जेच्या अवस्थांची गर्दी होते. दामले हे नाव वाचून आम्हाला जरा जास्तच आनंद झाला, हे कबूल करतो.

म्हणजे मोजणाऱ्याला मोकळा हात दिसतो, पण तो टोकाचा की घडीशेजारचा हे कळत नाही. डेल्फ्टच्या गटाचा 'नेचर'मधला २०१८चा लेख २०२१ मध्ये मागे घेतला गेला. सगळी मोजमापं पुन्हा मांडली तेव्हा दावा टिकला नाही. तशी खूण तारेतल्या खोटींमुळेही उमटू शकते, हे त्या क्षेत्रात आता सगळे मानतात.

म्हणून आता एक टोक पाहून भागत नाही. दोन्ही टोकांना एकाच वेळी खूण दिसते का, मधली साखळी सलग आहे का, हे तपासतात. आणि मुख्य खटपट तार शुद्ध करण्याची चालली आहे. मुलांनो, तेव्हा वहीत 'सापडला' लिहिलं असेल तर खोडून 'शोध चालू' असं लिहा.

आरतीची वेळ झाली, तबकं आली आहेत. थांबतो.