पाण्याचा हिशेब झाला, माणसांचा राहिला

(कर्जत येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

चौकहून मोरबेच्या बाजूला वळले की इर्शाळगडाच्या परिसरात पसरलेले विस्तीर्ण पाणी दिसते. शहरातली मंडळी तेथे येतात, छायाचित्रे काढतात आणि निसर्गाचे कौतुक करून परत जातात. त्यांचे चुकत नाही. पाणी सुंदरच आहे. परंतु हे तळे निसर्गाने केलेले नाही. ते कोणीतरी, कोणासाठी तरी, कोणाच्या तरी जमिनीवर बांधले आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजेच कर्जत-खालापूरच्या पाण्याचा इतिहास समजून घेणे होय.

हा इतिहास आपल्या डोक्यावर, घाटमाथ्यावर सुरू होतो. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसवण्यात आली. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तळ्यांत इंद्रायणीच्या खोऱ्यातले पाणी अडवले गेले. हे पाणी मुळात भीमेला, पुढे कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाणारे. ते पश्चिमेकडे वळवून, नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला आणले आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. १९२२ मध्ये ठोकरवाडीच्या तळ्यातील पाण्यावर आपल्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर सुरू झाले.

तिसरी योजना मुळशीची. तिचे पाणीही रायगडातच, भिऱ्याला उतरते. येथे मात्र शेतकरी आडवा पडला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. सत्याग्रह तीन वर्षे चालला. धरण झालेच, १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघरही सुरू झाले. पराभव झाला, एवढ्यावर आपण थांबतो. त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मुळशी पेट्यातील पुष्कळ जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. भरपाई घेऊन मोकळे होण्यात त्यांची सोय होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने ती भाताची खाचरे कसली, त्याचे नाव कागदावर नव्हते. भरपाई कागदाला मिळते, कष्टाला मिळत नाही, हा धडा मुळशीने शंभर वर्षांपूर्वी दिला. आपण तो अजून पुरता शिकलेलो नाही.

या विजेच्या तारा आपल्याच तालुक्यावरून मुंबईला गेल्या. तारा वर आणि घरात कंदील, अशी त्या काळची स्थिती होती. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे वकील भाई कोटवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने याच तारांचे मनोरे पाडले. त्यांचा रोख इंग्रजी सत्तेच्या युद्धयंत्रणेवर होता, हे खरे. परंतु हे तेच कोटवाल, ज्यांनी आधी शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या आणि सावकाराच्या कर्जातून सुटण्यासाठी धान्यकोठ्या उभारल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आपण दर वर्षी तेथे मशाली नेतो. धान्यकोठीची आठवण मात्र फारशी काढत नाही.

स्वातंत्र्यानंतर पाण्याचा हिशेब काटेकोर झाला. कृष्णेच्या पाण्यावरून राज्याराज्यांत तंटा झाला, तेव्हा बच्छावत लवादाने टाटांच्या तळ्यांतून पश्चिमेला किती पाणी वळवावे याचीही मर्यादा घातली. कोणत्याही एका वर्षी ५४.५ अब्ज घनफूट आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट. दशांशापर्यंत हिशेब! तळ्याखाली गेलेल्या गावांतली माणसे कोठे गेली, याचा असा हिशेब कोणत्याही लवादाने मांडलेला नाही.

लाभ झालाच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. वीजघरातून सुटलेल्या पाण्याने पाताळगंगा आणि उल्हास या नद्या उन्हाळ्यातही वाहत्या राहिल्या. भिवपुरीच्या पाण्यावर राजनाला कालव्याने कर्जतमध्ये उन्हाळी भात पिकला. पाताळगंगेच्या काठी कारखाने आले. उल्हासच्या पाण्यावर कल्याणपर्यंतची शहरे वाढली. आपला विरोध पाणी अडवण्याला नाही. लाभ एकाच्या पदरात आणि तोटा दुसऱ्याच्या, या वाटणीला आहे.

आता मोरबेकडे परत येऊ. धावरी नदीवरील हे धरण महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने हाती घेतले. पुढे ते नवी मुंबई महापालिकेने विकत घेऊन पूर्ण केले. दिवसाला ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता आहे. स्वतःचे धरण असलेली महापालिका म्हणून नवी मुंबईचा गौरव होतो. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी येथील धरणग्रस्तांना मात्र पुन्हा पुन्हा आंदोलनाला उतरावे लागले. वस्तूची मालकी बदलली, की जुन्या आश्वासनांना वाली उरत नाही.

आणि त्याच परिसरात, १९ जुलै २०२३ च्या रात्री, इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदत करणारे पावसात, चिखलातून पायी चढून गेले. धरणाने दरड आणली, असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो, की शहराला पाणी पोचवणारी मोठी जलवाहिनी ज्या खोऱ्यातून जाते, तेथील ठाकर वाडीपर्यंत साधा रस्ता पोचू शकला नव्हता.

हा सगळा इतिहास आज का सांगायचा? कारण २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कर्जत तालुक्यातील पोशीर आणि शिलार या दोन धरणांना मान्यता दिली आहे. पाणी प्रामुख्याने मुंबई महानगर प्रदेशासाठी आहे. जमीन आपली जाणार आहे. ज्याच्या नावे सातबारा आहे, तो निदान भांडू शकतो. परंतु दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहिलेला कातकरी, नदीतल्या मासळीवर आणि रानातल्या लाकूडफाट्यावर जगणारे कुटुंब, वाट्याने भात लावणारा शेतकरी यांचे काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारे शेतमजूर, कुळे आणि वाटेकरीही धरले आहेत. परंतु कायदा स्वतः वाडीवर चालत जात नाही. यादीत नाव घालणारा माणूस तेथे जावा लागतो.

म्हणून मित्रहो, ठरावापेक्षा वहीची गरज अधिक आहे. मोजणीदार येण्यापूर्वी प्रत्येक वाडीत आपल्या कार्यकर्त्याने गेले पाहिजे. कोण कोठे राहतो, काय कसतो, कोणत्या रानावर आणि कोणत्या डोहावर जगतो, हे ग्रामसभेसमोर लिहून काढले पाहिजे. वनहक्काचे दावे राहिले असतील तर आधी दाखल केले पाहिजेत. आणि मागणी स्पष्ट हवी : पुनर्वसन आधी, घळभरणी नंतर, धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क धरणग्रस्त गावांचा, आणि शहरे जी पाणीपट्टी भरतील, तिच्यात या खोऱ्याचा कायमचा वाटा.

मुळशीला घोषणा होती, शौर्य होते, त्याग होता. कसणाऱ्याच्या हाती कागद नव्हता. या वेळी तो कागद आपण त्याच्या हाती देऊ शकलो, तरच हे तळे कोणाचे, या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर असेल.