थंड खाण्याचा दोष नव्हे



मुलाचे टॉन्सिल्स वाढले की ऑकलंडला स्थिरावलेल्या आपल्या घरांतूनही प्रथम आईलाच विचारणा होते : थंड का दिलेस, दही का दिलेस? हा आरोप मला अन्यायाचा वाटतो.

टॉन्सिल्स आणि नाकामागील अ‍ॅडिनॉइड या शरीराच्या वेशीवरच्या चौक्या होत. तोंडानाकावाटे येणारे जंतू ओळखणे व प्रतिद्रव्ये घडवणे हे त्यांचे काम. बालवयात ते भरात असते, म्हणून या ग्रंथी मोठ्या दिसतात. पुढे बहुधा आपोआप आक्रसतात. काही कुटुंबांत मात्र सूज वारंवार येते. नॉर्वेतील जुळ्यांच्या अभ्यासात अशा सुजेमागे आनुवंशिकतेचा वाटा निम्म्याहून अधिक आढळला. आजोबांचा घसा नातवाकडे आला, तर दह्याचा काय अपराध?

आकारापेक्षा श्वास पाहावा. मूल रोज घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावेच.

न्यूझीलंडात आणखी एक सावधगिरी हवी. स्ट्रेप्टोकोकसने घसा सुजल्यावर काही मुलांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. हा संधिवाती ज्वर येथे माओरी व पॅसिफिक मुलांत अधिक आढळतो. दाटीची घरे हे त्याचे एक कारण. २०१७ साली ओशेनियातील अभ्यासात प्रतिद्रव्यांशी निगडित एका जनुकाचाही संबंध दिसला. आपल्या मुलांना धोका कमी, पण वर्ग तोच आहे. ताप व घसादुखी असल्यास घशाचा नमुना तपासायचा का, हे डॉक्टरांना विचारावे. प्रतिजैविक दिले, तर बरे वाटले तरी सांगितलेले सर्व दिवस द्यावे.