विषाची बाटली आणि फवारणारा हात



आपल्या देशातील कीटकनाशकविषयक कायद्याचा उगम एका दुर्घटनेत आहे. १९५८ साली केरळ व तत्कालीन मद्रास राज्यात शंभराहून अधिक माणसे अन्नातील विषबाधेने मरण पावली. वाहतुकीत धान्यपदार्थांमध्ये पॅराथिऑन हे विष मिसळले गेले होते. चौकशी आयोग नेमला गेला, दहा वर्षांनी, म्हणजे १९६८ साली, कीटकनाशक अधिनियम संमत झाला आणि १९७१ च्या नियमांनी प्रत्येक वेष्टनावर कोनावर उभा केलेला रंगीत चौकोन आणला. तांबडा अत्यंत विषारी. त्याच्यासोबत कवटी व हाडे. मग पिवळा, निळा व हिरवा. सोबतचे माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असावे, असा दंडक आहे.

ही योजना वाईट नव्हे. परंतु बाटली विकत घेणारा व फवारणारा एकच आणि तो साक्षर, हे तिने गृहीत धरले होते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात हे गृहीत कोसळले. त्या वर्षी कपाशी पुरुषभर वाढली होती. नळी वर धरून फवारावे लागे आणि तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर येत. फवारणारे पुष्कळसे रोजंदारीचे मजूर होते. दोन-तीन औषधे (विषाला आपण 'औषध' म्हणतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे) पिंपात आधीच कालवलेली असली, तर लेबल मजुराच्या हाती येणार कोठून? शेकडो लोकांना विषबाधा झाली, वीसजणांच्या आसपास दगावले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषांवर ॲट्रोपीनचा उतारा तरी आहे. तेथे वापरात असलेल्या डायफेंथियुरॉनवर विशिष्ट असा उतारा नाही. मिश्रणाने बाधित झालेला रुग्ण समोर आल्यावर डॉक्टरने काय करावे?

हातमोजे, मुखवटा, संरक्षक पोशाख हे सारे नियमांत आहे. भाद्रपदातील उकाड्यात, पाठीवर भरलेला पंप घेऊन, ते दिवसभर अंगावर ठेवणे मनुष्याला जमणारे नाही.

महाराष्ट्र शासनाने काही कीटकनाशकांची विक्री थांबविली खरी. पण अधिनियमाच्या कलम २७ नुसार राज्याला अशी मनाई ६० दिवसच करता येते, चौकशी अपुरी राहिल्यास फार तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी केंद्राच्या हाती.

मोनोक्रोटोफॉसचेच पाहा. २००५ साली त्याचा भाज्यांवरील वापर मना झाला, कपाशीवरील चालू राहिला. बंगळूरला भाजीपाला पुरविणाऱ्या आनेकलसारख्या तालुक्यातील दुकान असो वा विदर्भातील, बाटली तीच. ती वांग्यावर रिकामी होते की कपाशीवर, हे पाहणारा शेतात कोणी नसतो. २०१३ साली बिहारमध्ये शालेय मध्यान्ह भोजनातून हेच विष पोटात जाऊन २३ मुले दगावली. त्याच्या ३६ टक्के द्रावणावरील बंदीचा आदेश २०२३ साली निघाला.