खुरप्याला पाणी देताना

आम्ही केदारखेड्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज खुरप्याविषयी बोलायचं आहे. निंदणीच्या दिवसांत ते सकाळपासून सांजेपर्यंत आपल्या हातात असतं. पण ते घडतं कसं, हे आमच्यातल्या एकीलाही सांगता येत नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात आम्ही स्वस्त म्हणून चकचकीत खुरपी आणली. चार दिवसांत धार गेली, पातं वाकलं. बोथट खुरप्याला जोर जास्त लावावा लागतो. तसाच जोर लावताना एकीच्या हातातून ते निसटलं आणि डावं बोट कापलं. तीन टाके पडले. ऐन कपाशीच्या निंदणीत तिची आठ दिवसांची मजुरी बुडाली. खुरप्यात वाचवलेले पैसे केवढ्याला पडले बघा!

तिच्या लेकीनं एकदा मोबाईलवर आम्हाला जपानचा व्हिडिओ दाखवला. तिथे एचिझेन भागात सुऱ्या आणि विळे घडवायची परंपरा सुमारे ७०० वर्षांची आहे. ताकेफू नाईफ व्हिलेज नावाच्या ठिकाणी कितीतरी कारागीर एका छपराखाली काम करतात. देशोदेशीचे प्रवासी तिथे पैसे भरतात, कारागिराच्या शेजारी उभं राहून स्वतः सुरी घडवतात आणि ती घरी नेतात. ओसाकाजवळच्या साकाई शहरात तर घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा. प्रत्येकाच्या हाताला मान आहे.

आम्ही आधी हसलो. पैसे देऊन कुणी घाम गाळतं का? मग एक आजी म्हणाल्या, "अगं, तिकडं माणसं लोहाराकडं जातात. आपल्याकडं लोहारच चालत दारी येतो, आणि आपण दहा रुपयांसाठी त्याच्याशी भांडतो." आम्ही गप्पच झालो.

उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला घिसाडी लोकांचं पाल पडतं. सरकारच्या यादीत ही भटकी जमात आहे. यंदा पाल पडल्यावर आम्ही पाचजणी गेलो. म्हटलं, "मावशी, एक दिवस आम्हाला शिकवता का? तुमचा दिवसाचा रोज आम्ही देऊ." मावशी म्हणाल्या, "बायांनो, घरी कामं नाहीत का?" पण रोज ठरला आणि आम्ही भात्याजवळ बसलो.

मामांनी ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घेतला. आम्ही विचारलं, "जालन्यात एवढ्या सळया बनतात, सळईचं का नाही करत?" मामा म्हणाले, "सळई पाणी धरत नाही." म्हणजे सळईत कार्बन कमी असतो, म्हणून तापवून पाण्यात बुडवली तरी ती फारशी कडक होत नाही. कमानपाट्यात कार्बन जास्त असतो.

तुकडा नारिंगी होईपर्यंत तापवला. काळपट असताना ठोकला तर चिरतो, आणि पांढरा होऊन ठिणग्या उडायला लागल्या तर लोखंड जळतं. मामा सांडशीनं तुकडा धरून लहान हातोड्यानं जागा दाखवायचे आणि मावशी तिथेच घण मारायच्या. एकही घाव चुकला नाही. आम्ही घण उचलला, तर दहा-बारा घावांत दम लागला, आणि निम्मे घाव ऐरणीवरच पडले.

शेवटी पाणी देणं. लाल पात्याची फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवली. ती काचेसारखी कडक होते, पण तशीच ठेवली तर दगडावर तुकडा उडतो. म्हणून मावशींनी पातं बाहेर काढून चटकन घासलं. मागच्या बाजूची धग हळूहळू धारेकडे उतरली. वाळल्या गवतासारखा पिवळा रंग दिसला आणि त्यांनी पातं पुन्हा पाण्यात घातलं. धार कडक, पाठ चिवट. जपानचे कारागीर मऊ लोखंडाला कडक पोलाद जोडून हेच साधतात. मावशी तो रंग नुसत्या डोळ्यांनी ओळखतात. कुठली शाळा नाही, कागद नाही.

आम्ही घडवलेलं खुरपं वाकडंच झालं. पण त्या दिवसानंतर आमच्यातल्या कुणीही पालापुढे उभं राहून "दहा कमी करा" म्हटलेलं नाही. तोंडच होत नाही.

मग गटाच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, मृगाच्या आधीच सगळ्यांच्या खुरप्यांची मागणी एकत्र द्यायची आणि निम्मे पैसे आगाऊ द्यायचे. म्हणजे मावशींना कोळसा उधारीवर आणावा लागत नाही. दोन, जुनी खुरपी फेकायची नाहीत, पुन्हा ठोकून पाणी देऊन घ्यायची. तीन, घेताना पातं फरशीवर हलकेच दाबून बघायचं. वाकलं आणि तसंच राहिलं, तर ते पाणी धरलेलं नाही.

बोट कापलेल्या ताई यंदा मावशींच्या हातचं खुरपं घेऊनच निंदणीला गेल्या. अजून धार टिकून आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गावाशेजारी पाल पडलं, तर घासाघीस करायला जाऊ नका. घटकाभर बसा, बघा, विचारा. आणि दाम पुरते द्या. आपल्या घामाची मजुरी कुणी कापली की आपल्याला कसं वाटतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. राम राम.