आजीची इम्युनिटी कमी नव्हती

आज कोडिंग नाही, करिअर नाही, आज फुफ्फुसाबद्दल बोलायचंय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय आणि दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. पण गेलं वर्षभर घरातल्या एका आजारपणामुळे बरंच वाचलं, डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून त्यांचं डोकं खाल्लं. आणि त्याआधी मी एक मोठी चूक केली होती. तिथूनच सुरुवात करतो.

माझी आजी ७४ वर्षांची. पाटण तालुक्यातल्या गावात राहते. आयुष्यात कधी विडी ओढली नाही. तरी पाच-सहा वर्षं खोकला, सकाळी बेडका, आणि चढावर चाललं की धाप. तिथले एक डॉक्टर म्हणायचे, "वय झालं, दम लागणारच." सिरप द्यायचे. मी पुण्याहून काय केलं? ऑनलाइन इम्युनिटी बूस्टरचे तीन डबे मागवले. पावडर, काढा, गोळ्या. मला वाटलं सारखा खोकला येतो म्हणजे हिची प्रतिकारशक्ती कमी झालीय. आजीनं इमानेइतबारे सगळं घेतलं, कारण नातवानं पाठवलं होतं.

शेवटी एका थंडीत तिला बोलताही येईना, तेव्हा पुण्याला आणली. छातीच्या डॉक्टरांनी फुंकायची टेस्ट केली, स्पायरोमेट्री. तुम्ही जोरात फुंकता तेव्हा एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर येते हे त्यात मोजतात. नळ्या उघडणारं औषध देऊनही ती ७० टक्क्यांच्या खाली राहिली, तर सीओपीडीचं निदान होतं. आजीची बरीच खाली होती. मी शहाणपणा दाखवत विचारलं, "इम्युनिटी वाढवायला काय देऊ?" डॉक्टर म्हणाले, "अहो, कमी कुठंय? तिच्याच पेशी थांबत नाहीयेत, हाच तर प्रॉब्लेम आहे."

हे मला त्या दिवशी कळलंच नाही. नंतर हळूहळू कळलं.

आपल्या फुफ्फुसात कोट्यवधी बारीक हवेच्या पिशव्या असतात, वायुकोश. त्यांच्या आत मॅक्रोफेज नावाच्या पेशी फिरत असतात. यांचं काम म्हणजे झाडलोट. श्वासातून आलेली धूळ, धुराचे कण, जंतू गिळायचे आणि पचवायचे. रोज थोडी धूळ आली तर हे शांतपणे चालतं. पण रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं धूर येत राहिला तर मॅक्रोफेज सिग्नल सोडायला लागतात: मदत पाठवा. रक्तातून न्यूट्रोफिल येतात. न्यूट्रोफिल म्हणजे पांढऱ्या पेशींमधली पहिली तुकडी. त्यांच्याजवळ इलास्टेज नावाचं एन्झाइम असतं, जे प्रथिनं कापतं. जंतूंविरुद्ध कामाचं आहे. पण फुफ्फुसाला रबरासारखी लवचीकता देणारं इलास्टिनही त्यानंच कापलं जातं. सीडी८ नावाच्या टी पेशीही श्वासनलिकांच्या भिंतीत येऊन बसतात. गंमत म्हणजे (गंमत कसली) एवढी गर्दी असूनही सीओपीडीतले मॅक्रोफेज जंतू गिळण्याच्या मूळ कामात कच्चे पडतात. आरडाओरडा जास्त, साफसफाई कमी. म्हणून वारंवार इन्फेक्शन, आणि प्रत्येक इन्फेक्शनला आणखी न्यूट्रोफिल. आमच्या भाषेत सांगायचं तर रिट्राय लूप आहे, आणि एक्झिट कंडिशन लिहिलेलीच नाही.

आपल्याच पेशींचं एन्झाइम फुफ्फुस खातं, हे कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन हे दोघे रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघत होते. कागदावर त्यांचे पट्टे दिसतात. सुमारे १५०० नमुन्यांपैकी पाचांत एक पट्टा गायब होता, अल्फा-१ अँटिट्रिप्सिनचा. आणि त्या पाचांपैकी तिघांना तरुण वयातच एम्फिसीमा होता, म्हणजे वायुकोशांच्या भिंती विरून गेलेल्या. हे प्रथिन इलास्टेजला आवर घालतं. ब्रेक जन्मतःच नसेल तर काय होतं, ते निसर्गानंच दाखवलं. नंतर १९९७ साली उंदरांवर आणखी एक प्रयोग झाला. मॅक्रोफेजचंच इलास्टिन कापणारं एक एन्झाइम, एमएमपी-१२, ज्या उंदरांत काढून टाकलं होतं, त्यांना सिगरेटच्या धुरात ठेवूनही एम्फिसीमा झाला नाही. धूर तोच, फुफ्फुस तसंच, फक्त पेशीच्या हातातली एक कात्री काढून घेतली.

आजीचं थोडं वेगळं आहे, हे सांगायलाच हवं. चुलीच्या धुरामुळे होणाऱ्या सीओपीडीत पिशव्या विरण्यापेक्षा बारीक श्वासनलिका जाड आणि अरुंद होण्याचा भाग जास्त दिसतो. हो, चूल. लाकडं, गोवऱ्या, फुंकणी, वयाच्या सोळाव्या वर्षापासून. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिलं होतं, त्यात चुलीसारख्या इंधनांच्या धुराचाच मोठा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१ साली सीओपीडीनं जगात ३५ लाख माणसं गेली. आपल्याकडे मात्र अजूनही 'दमा' म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतात.

आणि ते पोतं महाग पडतं. कारण दम्यात बहुतेकदा इओसिनोफिल नावाच्या पेशींचा गोंधळ असतो आणि श्वासातून घेतलेलं स्टेरॉइड त्यांना छान आवरतं. न्यूट्रोफिल स्टेरॉइडला फारसं जुमानत नाहीत. त्यामुळे सीओपीडीत मुख्य औषध नळ्या उघडणारं असतं, स्टेरॉइड सगळ्यांना नाही, कारण त्यानं न्यूमोनियाचा धोका वाढतो. मग कुणाला द्यायचं? इथं साधा सीबीसी कामाला येतो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये इओसिनोफिल ३०० किंवा जास्त असतील तर स्टेरॉइडचा फायदा होण्याची शक्यता चांगली, १०० पेक्षा कमी असतील तर फारच कमी. (जंत झाले तरी हा आकडा वाढतो, त्यामुळे रिपोर्ट बघून घरच्या घरी निर्णय घेऊ नका. मी घेतला होता, शिव्या खाल्ल्या.) अशाच जास्त इओसिनोफिलवाल्या सीओपीडीसाठी २०२४ साली अमेरिकेत डुपिलुमॅब या इंजेक्शनला मंजुरी मिळाली. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की आता 'तुम्हाला सीओपीडी आहे' एवढंच न बघता 'तुमच्यात कुठल्या पेशी जोरात आहेत' हेही बघायला लागलेत.

आजीचा आकडा ४२० आला. पंप सुरू झाला. घरात महिनाभर भांडण: "पंपाची सवय लागते." तिला शेवटी मी एवढंच सांगितलं, "अगं, चष्म्याची सवय लागते म्हणून तू चष्मा सोडलास का?" हे लॉजिक कितपत बरोबर आहे देव जाणे, पण चाललं. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस घेतली. आता देवळापर्यंत न थांबता जाते.

गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. आणि धूर बंद केल्यावर घसरण मंदावते, पण या पेशी लगेच घरी जात नाहीत, सूज वर्षानुवर्षं राहते. म्हणजे धूर जितका लवकर थांबेल तितकं बरं. इथं मला माझीच लाज वाटते. घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली. तरी चूल पेटत राहिली ती दिवाळीत आम्ही पुण्याहून जायचो म्हणून. "आजी, भाकरी चुलीवरचीच हवी हां!" असं मीच म्हणायचो. फोटो काढून स्टेटसला टाकायचो. फोटोत धूर पण मस्त यायचा.

यावेळी गॅसवरच्या भाकऱ्या खाल्ल्या. चांगल्या होत्या. पण पहाटे साडेपाचला खोकल्याचा आवाज आला म्हणून परसात गेलो, तर आजी पाण्याचा बंब पेटवत होती. म्हटलं, "आजी, अगं काय हे?" तर म्हणाली, "तुम्हाला पोरांना आंघोळीला कढत पाणी नको का?"

गिझरवाला येत्या रविवारी येणार आहे. बघू. घरी कुणाला असा जुना खोकला असेल तर ती फुंकायची टेस्ट झालीय का, एवढं विचारा आणि मला मेसेज करा. भेटू पुढच्या भागात.